मेंदूंत डोकावण्याची दीडशें वर्षें

सन १९८४ च्या पावसाळ्यांतील गोष्ट. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तींतून माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगा येत असे. उजवा पाय किंचित् ओढीत चाले. उजवा हात कोपरांत दुमडलेला, मूठ मिटलेली. वस्तींत त्याला ‘पोलिओवाला’ म्हणत, आणि मीहि तेंच खरें धरून चाललों होतों. लंगडें मूल दिसलें कीं पोलिओ, एवढेंच त्या काळीं आमचें वैद्यकशास्त्र. तो डाव्या हातानें लिही, आणि बरें लिही. परंतु त्याची एक खोड मला फार खटके. डावा हात वहीवर चालूं लागला कीं, उजवी मूठहि मांडीवर उघडझाप करूं लागे. जणूं डाव्या हाताला ती वेडावीतच आहे. शेजारचीं मुलें हंसत. मीं त्याला दोनदां समज दिली आणि तिसऱ्यांदां त्या हातावर पट्टी मारली. तो रडला नाहीं. उजवा हात मांडीखालीं दाबून धरून त्यानें शुद्धलेखन पुरें केलें. पुढल्या वर्षीं तें कुटुंब वस्ती सोडून गेलें.

त्या मुठीचा अर्थ मला पस्तीस वर्षांनीं कळला. तो कसा कळला तें ओघानें येईलच. पण ज्या विद्येनें तो उकलला, तिची हकीकत मला आज सांगावयाची आहे. मी अकरावीच्या जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक, वैद्य नव्हे. तेव्हां वैद्यकाच्या पोथींतील परिभाषा मजकडून ऐकावयास मिळणार नाहीं, आणि मिळाली नाहीं तर श्रोत्यांची फारशी हानि होईल असेंहि मला वाटत नाहीं.

त्या मुलाला पोलिओ झालेला नव्हता. पोलिओचे जंतू पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूवर घाला घालतात; त्यामुळें अवयव लुळा पडतो, सैल होतो. या मुलाचा हात ताठ होता. दोष हातांत नव्हता, कण्यांतहि नव्हता. हाताला हुकूम देणाऱ्या मेंदूंत होता. मेंदूची वाढ चालूं असतांनाच, म्हणजे गर्भांत, जन्माच्या वेळीं किंवा जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत, त्याच्या एखाद्या भागास इजा पोंचली, तर हालचालींवरील ताबा कायमचा बिघडतो. ती इजा पुढें वाढत नाहीं, पण जातहि नाहीं. यालाच सेरेब्रल पाल्सी किंवा मेंदूचा पक्षाघात म्हणतात. दर हजार बालकांमागें सुमारें तीन, असें आपल्या देशांतील प्रमाण सांगतात. पोलिओ आपण घालविला. शेवटचा रुग्ण जानेवारी १९११ मध्यें नव्हे, २०११ मध्यें आढळला, आणि २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला. (शतकाची चूक सहज तोंडांतून गेली, पोलिओ इतक्या लवकर जाईल असें आमच्या पिढीला खरेंच वाटत नव्हतें.) हा दुसरा विकार मात्र लस टोंचून जाण्यासारखा नाहीं.

या विकाराचें पहिलें नीट वर्णन केलें तें विल्यम जॉन लिटल या लंडनच्या शल्यवैद्यानें. लहानपणच्या आजारानें त्याचा स्वतःचाच एक पाय वांकडा झाला होता. १८३६ सालीं तो जर्मनींतील हॅनोव्हर येथें स्ट्रोमायर नांवाच्या वैद्याकडे गेला, टांचेमागील शीर कापून पाय सरळ करवून घेतला, आणि तीच विद्या शिकून लंडनला परतला. मग वांकड्या हातापायांचीं मुलें त्याच्याकडे येऊं लागलीं. त्यांच्या आयांशीं तो बोलत बसे. ऑक्टोबर १८६१ मध्यें लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढें त्यानें एक निबंध वाचला. त्याचें म्हणणें असें कीं, प्रसूति अडली, मूल अपुऱ्या दिवसांचें झालें, किंवा जन्मतः त्याचा श्वास कोंडला, तर मेंदूला इजा होते आणि हातपाय ताठ होतात. शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा दाखलाहि त्यानें त्यांत दिला. पुढें कित्येक वर्षें या विकाराला ‘लिटलचा रोग’ असेंच नांव होतें.

लिटलचें निरीक्षण उत्तम होतें. पण त्याचा एक अनिष्ट परिणाम झाला. सारा दोष जन्माच्या त्या एका घटकेवर जाऊन बसला. आपल्याकडे लिटलचें नांव कोणाला ठाऊक नव्हतें, तरी दोष देण्याची सोय होतीच. ग्रहणांत सुरी हातीं धरली, पांचवीच्या रात्रीं सटवाईनें कपाळीं वाईट लिहिलें, सुईण अडाणी होती, डॉक्टरनें उशीर केला. आणि सर्वांत शेवटीं, घरांत सर्वांत खालच्या आवाजांत बोलणारी जी कोणी, म्हणजे मुलाची आई, तिनेंच कांहींतरी केलें. अशा आया मीं पालकसभांत पाहिल्या आहेत. त्या शेवटच्या बांकावर बसत.

लिटलला पहिला विरोध ज्यानें केला त्याचें नांव ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. स्वप्नांचा अर्थ लावणारा म्हणून पुढें जगभर गाजलेला व्हिएन्नाचा सिग्मंड फ्रॉइड, हाच तो. तरुणपणीं दहा वर्षें तो एका बालरुग्णालयांत मज्जातंतूंच्या विकारांचा विभाग चालवीत होता. १८९१ सालीं ऑस्कर री या सहकाऱ्यासह आणि १८९७ सालीं एकट्यानें, असे या विषयावर त्यानें मोठाले ग्रंथ लिहिले. त्याचा प्रश्न साधा होता. अडलेल्या बाळंतपणांतून इतकीं मुलें धडधाकट बाहेर येतात, आणि सुखरूप बाळंतपण होऊनहि कांहींचे हातपाय ताठ असतात, हें कसें? कदाचित् गर्भांतच कांहीं बिघडलें असेल, आणि प्रसूति अडली ती त्याचा परिणाम म्हणून. कारण म्हणून नव्हे. त्याच सुमारास, १८८९ सालीं, विल्यम ऑस्लर यानें अमेरिकेंत १५१ रुग्णांच्या हकीकती एकत्र करून पुस्तक लिहिलें.

खरें कोणाचें, लिटलचें कीं फ्रॉइडचें? याचा निकाल लागेना. कारण मेंदू कवटीच्या पेटींत बंद. मूल दगावलें तरच ती पेटी उघडावयाची. जें मूल पन्नास वर्षें जगलें त्याच्या मेंदूंत जन्माआधीं काय घडलें, हें पन्नास वर्षांनंतरच्या मेंदूवरून कोण सांगणार? फ्रॉइडचें म्हणणें नव्वद वर्षें तसेंच पडून राहिलें.

पेटींत डोकावण्याची धडपड मात्र चालूं होती. इटलींतील ट्यूरिन येथें अँजेलो मॉस्सो नांवाचा शरीरशास्त्रज्ञ होता. १८८० च्या आसपास त्याला एक शेतकरी भेटला. अपघातानें त्याच्या कवटीला भोंक पडलें होतें व त्यांतून मेंदूचे ठोके दिसत. मॉस्सोनें त्यावर ठोके नोंदणारें उपकरण बसविलें. चर्चची घंटा झाली कीं ठोके जोरांत पडूं लागत. गुणाकार घातला कीं पुन्हां जोर चढे. मनगटाची नाडी तशीच असे. म्हणजे मेंदूचा जो भाग काम करतो त्याकडे रक्त अधिक धांवतें. गुणाकारानें मुलांच्या डोक्यांत रक्त चढतें हें आम्हां शिक्षकांना ठाऊक होतें. तें मोजावें असें मात्र कधीं सुचलें नाहीं! आजच्या लाखों रुपयांच्या यंत्रांचें मूळ त्या शेतकऱ्याच्या फुटक्या कवटींत आहे.

१८९५ मध्यें राँटगेनला क्ष-किरण सांपडले. त्यांना हाड दिसे, मेंदू दिसेना. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीनें १९१८-१९ मध्यें एक उपाय काढला. मेंदूच्या आंतील पोकळ्यांत जें पाणी असतें तें काढून तेथें हवा भरावयाची. मग क्ष-किरणांच्या छायाचित्रांत पोकळ्यांचा आकार उमटतो आणि त्यावरून भोंवतींचा मेंदू कोठें झिजला आहे याचा तर्क करतां येतो. पुढें पन्नासएक वर्षें ताठ हातापायांच्या कित्येक मुलांवर हा प्रयोग झाला. नंतर दोनदोन दिवस डोकें ठणके, वांत्या होत. आणि इतकें सोसून काय कळे, तर घरांतील सामान ओळखण्यासाठीं भिंतीवरील सांवल्या पाहाव्या, तितकेंच. जर्मनींतील हान्स बर्गर यानें १९२४ सालीं माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विजेचा आलेख काढला व १९२९ मध्यें तो प्रसिद्ध केला. तो आलेख फेंफऱ्याच्या निदानास आजहि लागतो, आणि या मुलांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शाला फेंफरें असतेंच. पण तो आलेख, चित्र नव्हे.

इकडे मुंबईंत काय चाललें होतें? अपंग मुलांचा विचार येथें प्रथम झाला तो पोलिओच्या निमित्तानें. फातेमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला. त्यांतून १९४७ सालीं अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था निघाली आणि हाजी अलीला मुलांचें अस्थिव्यंग रुग्णालय उभें राहिलें. १९५५ सालीं त्याच भागांत शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठीं मात्र स्वतंत्र शाळा नव्हती. ती १९७२ नंतर झाली, आणि तीहि एका आईमुळेंच. मिठू अलूर यांची कन्या मालिनी १९६६ सालीं कलकत्त्यास जन्मली. तिला हा विकार. इंग्लंडांत अशा मुलांना शिकवितात हें पाहून, तसें शिक्षण घेऊन, अलूरबाईंनीं मुंबईंत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली व कुलाब्यास शाळा काढली. हीच संस्था पुढें ‘अडॅप्ट’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. म्हणजे माझ्या वर्गांत तो मुलगा बसत होता तेव्हां ही शाळा चालूं होऊन दहा वर्षें लोटलीं होतीं. घाटकोपरपासून कुलाबा तसें किती दूर? गाडीनें व्ही.टी., पुढें बस. पण त्याच्या आईस तें ठाऊक नव्हतें, आणि ज्याला ठाऊक असावयास हवें होतें तो मास्तर हातांत पट्टी घेऊन उभा होता.

आतां यंत्रांकडे वळूं. ज्या ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या आपल्या घराघरांत वाजल्या, कर्ण्यापुढें बसलेल्या कुत्र्याचें चित्र असलेल्या, तिची मालक असलेली ई.एम्.आय्. ही इंग्रज कंपनी. तिच्या प्रयोगशाळेंत गॉडफ्रे हौन्सफील्ड नांवाचा अभियंता होता. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशीं नव्हती, हें मी मॅट्रिकवाला मुद्दाम नमूद करतों. त्याची कल्पना अशी: क्ष-किरण एकाच बाजूनें न सोडतां डोक्याभोंवतीं फिरवीत अनेक बाजूंनीं सोडावे, आणि आलेल्या हजारों आंकड्यांवरून आंतील प्रत्येक बिंदूची घनता गणितानें काढावी. म्हणजे काकडी न कापतांच तिच्या चकत्या पाहावयाच्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील विम्बल्डन येथील अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत पहिल्या रुग्णाच्या मेंदूचें असें चित्र निघालें. हेंच सी.टी. स्कॅन. १९७९ चें नोबेल पारितोषिक हौन्सफील्डला अॅलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञासह मिळालें. हवा भरण्याचा तो जाच या यंत्रानें संपविला.

त्याच दशकाच्या अखेरीस दुसरी एक खिडकी सांपडली, आणि ती आपल्या आज्यांना कधींपासूनच ठाऊक होती. तान्ह्या बाळाची टाळू! जेथें तेल भरावयाचें, जेथें बोट टेंकलें तर ठोका लागतो, तेथें हाड नसतें. सोनोग्राफीचा ध्वनि हाडांतून नीट जात नाहीं, पण टाळूंतून जातो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटींतून न हलवितां, टाळूवर ती छोटी मूठ टेंकवून आंत रक्तस्राव झाला आहे काय हें पाहतां येऊं लागलें. वर्षदीड वर्षांत टाळू भरते आणि खिडकी मिटते.

सर्वांत लख्ख चित्र दिलें तें एम्.आर्.आय्. नें. १९७३ सालीं पॉल लॉटरबर यानें अमेरिकेंत त्याची पहिली कल्पना प्रसिद्ध केली, इंग्लंडांत पीटर मॅन्सफील्ड यानें ती पुढें नेली, आणि दोघांना २००३ सालीं नोबेल मिळालें. यांत क्ष-किरण नाहींत. आपल्या शरीरांत पाणीच फार; त्या पाण्यांतील हायड्रोजनचे कण मोठ्या चुंबकांत ठेवले कीं एका ठराविक सुरावर डोलतात. तो सूर रेडिओलहरींचा. नेहमींच्या यंत्रांत तो ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या एफ्.एम्. केंद्रांच्या थोडा अलीकडचा. तेव्हां मेंदूकडून आलेलें प्रक्षेपण ऐकून त्यावरून चित्र काढणें, असें त्याचें वर्णन केलें तर रेडिओच्या श्रोत्यांस तें परकें वाटूं नये. यंत्र मात्र ठकठक फार करतें. तान्ह्या बाळांना त्यांत निजवितांना पुष्कळदां गुंगीचें औषध न देतां पोटभर पाजतात, दुपट्यांत घट्ट गुंडाळतात आणि झोंप लागली कीं आंत सरकवितात. एवढ्या महागड्या यंत्राचें काम शेवटीं दुपट्यावर अडावें याची मला मौज वाटते.

या चित्रांनीं काय दाखविलें? प्रथम हें कीं, इजेचें वय चित्रांत लिहिलेलें असतें. चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या गर्भांत मेंदूच्या पोकळ्यांभोंवतींचा पांढरा भाग फार नाजूक असतो. इजा त्या काळांतली असेल तर तो भाग मऊ पडून झिजतो. पूर्ण दिवसांच्या मुलाचा श्वास अकस्मात् कोंडला, तर झीज मेंदूच्या गाभ्यांतील गांठींत दिसते. जन्मानंतरची कावीळ हाताबाहेर गेली, तर त्याच गाभ्यांतील आणखी एका ठराविक जागीं. आणि मेंदूच्या घड्याच चुकल्या असतील, तर गोष्ट गर्भाच्या पहिल्या कांहीं महिन्यांतील. अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे हातांपेक्षां पायच अधिक ताठ कां होतात, याचाहि उलगडा झाला. पायांकडे जाणारे तंतू पोकळीच्या अगदीं लगत असतात, हातांकडे जाणारे थोडे बाहेरून जातात. पावसाळ्यांत रुळांवर पाणी चढलें कीं सर्वांत सखल रूळ आधीं बुडतो. बाजूची गाडी रखडत का होईना, चालते. तसेंच हें.

आतां फ्रॉइडच्या प्रश्नाकडे. १९८६ सालीं अमेरिकेंत करिन नेल्सन व जोनास एलेनबर्ग यांनीं सुमारें चोपन्न हजार बाळंतपणांच्या नोंदी तपासून दाखविलें कीं, जन्मवेळच्या श्वासावरोधानें समजावून सांगतां येतील अशीं मुलें थोडींच. २००६ सालीं युरोपांतील एका मोठ्या अभ्यासांत ३५१ मुलांचे एम्.आर्.आय्. पाहिले. शेंकडा ४२ हून अधिक मुलांत तो पांढऱ्या भागाचा, अपुऱ्या दिवसांतला दोष निघाला. गाभ्यांतील गांठींचा दोष सुमारें तेरा टक्क्यांत. आणि जवळजवळ बारा टक्के मुलांच्या चित्रांत दोषच दिसेना. आपल्याकडे श्वास कोंडणें व कावीळ यांचा वाटा युरोपाहून मोठा मानतात, हें खरें. म्हणून प्रसूतिगृहाची जबाबदारी आपल्याकडे हलकी होत नाहीं. परंतु शेवटच्या बांकावर बसणाऱ्या कित्येक आयांच्या माथ्यावरचा आरोप, इतकीं वर्षें लोटल्यावर, त्या काळ्यापांढऱ्या चित्रांनीं उतरविला.

येथवर झालें तें मेंदूच्या आकाराचें चित्र. घर कोठें पडलें तें दिसलें. उरलेल्या खोल्यांत कोण राहतें, काय काम चालतें, तें दिसलें नाहीं. मेंदू वजनानें शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण शरीराच्या एकूण इंधनापैकीं पांचवा हिस्सा एकटा खातो, आणि तें इंधन म्हणजे साखर. साखरेसारख्या पदार्थाला किंचित् किरणोत्सर्गी खूण चिकटवून ती टोंचली, तर जो भाग अधिक काम करतो तेथें ती अधिक जमते व बाहेरून मोजतां येते. ही पेट नांवाची पद्धति; माणसाच्या मेंदूचें अशा साखरेचें चित्र प्रथम १९७६ सालीं अमेरिकेंत निघालें. तिची अडचण अशी कीं, ती खूण एकशें दहा मिनिटांत निम्मी विझते. म्हणून ती जवळच तयार व्हावी लागते. आपल्या देशांत ही सोय प्रथम झाली ती मुंबईंतच: परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारांत भाभा अणुसंशोधन केंद्राचें जें किरणवैद्यक केंद्र १९६३ पासून आहे, तेथें २००२ सालीं असा पदार्थ बनविणारें सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र बसलें. त्याचा मुख्य उपयोग कर्करोगाच्या निदानासाठीं. पण मेंदूची साखरहि त्यानेंच मोजतात.

लॉस एंजेलिस येथें हॅरी चुगानी व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८७ सालीं लहान मुलांच्या मेंदूंतील या साखरेचा हिशेब प्रसिद्ध केला. नवजात बालकाच्या मेंदूचा खर्च प्रौढाहून कमी. तो वाढत वाढत चौथ्या वर्षाच्या सुमारास प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट होतो, नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत तसाच राहतो आणि मग हळूहळू उतरतो. चौथीपर्यंतच्या मुलांना शिकविणाऱ्यानें हें वाचलें कीं त्याची झोंप उडते. त्याच गटानें १९९१ सालीं मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांची चित्रें प्रसिद्ध केलीं. ज्यांचे पाय ताठ होते अशा कांहींत, जेथें आकाराचा दोष मुळींच दिसत नव्हता, तेथेंहि मेंदूचा भाग मंदावलेला आढळला. उलट, ज्यांचें शरीर सारखें पिळवटतें, ज्यांना पाहून लोक ‘यांना कांहीं कळत नाहीं’ म्हणतात, त्यांपैकीं पुष्कळांत गाभ्यांतील गांठीच तेवढ्या थंड होत्या. विचार करणारें वरचें आवरण जवळजवळ इतर मुलांसारखेंच काम करीत होतें.

मालिनी चिब यांचें उदाहरण आठवावें. बोलणें अस्पष्ट, हालचालीवर ताबा नाहीं. टंकलेखन एका बोटानें. त्या सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनला दोन वेळां एम्.ए. च्या दर्जाच्या पदव्या घेतल्या आणि २०११ सालीं आत्मचरित्र लिहिलें. त्याचें नांवच ‘वन लिट्ल फिंगर’. या मुलांपैकीं साधारण निम्म्यांची बुद्धि मंद असते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण उरलेल्या निम्म्यांची नसते, आणि तोंडाकडे पाहून कोणता निम्मा कोणता हें कळत नाहीं.

किरणोत्सर्गी खुणेवांचून मेंदूचें काम पाहण्याची युक्ति जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यानें १९९० सालीं अमेरिकेंत काढली. प्राणवायु असलेलें रक्त आणि नसलेलें रक्त चुंबकाशीं वेगवेगळें वागतें, हें लायनस पॉलिंगनें १९३६ सालींच दाखविलें होतें. मॉस्सोनें सांगितल्याप्रमाणें कामाच्या जागीं ताजें रक्त धांवतें. मग तेथील एम्.आर्.आय्. चा उजेड किंचित् बदलणारच. रुग्णाला यंत्रांत निजवून ‘मूठ उघड, मीट’ म्हणावयाचें आणि मेंदूंत कोठें उजळतें तें पाहावयाचें. दोन वर्षांत हें माणसावर साधलें.

येथें माझा विद्यार्थी पुन्हां येतो. जर्मनींतील ट्यूबिंगेन येथील मार्टिन स्टाउट व सहकाऱ्यांनीं २००२ सालीं जन्मतः एक बाजू दुबळी असलेल्या माणसांची अशी तपासणी प्रसिद्ध केली. सामान्यतः मेंदूचा डावा अर्ध उजवा हात चालवितो व उजवा अर्ध डावा. परंतु तान्हेपणीं प्रत्येक अर्धाचे कांहीं तंतू दोन्ही हातांकडे गेलेले असतात; आपल्या बाजूचे तंतू पुढें मागें घेतले जातात. एका अर्धाला लहानपणींच मोठी इजा झाली, तर निरोगी अर्ध ते तंतू मागें घेत नाहीं. भावंडाचें कामहि तोच अंगावर घेतो. मग दोन्ही हातांना हुकूम सुटतो एकाच कचेरींतून, आणि एका हाताला सोडलेला हुकूम दुसऱ्यालाहि पोंचतो. डावा हात लिहितो, उजवी मूठ उघडझाप करते. ती वेडावीत नसते. सत्तरीच्या माणसाला अर्धांगवायु झाला तर त्याच्या मेंदूला ही युक्ति अशी साधत नाहीं. ती साधते फक्त कोंवळ्या मेंदूला.

आणखी एक नवल. हुकूम एका अर्धांतून सुटूं लागला तरी त्या हाताचा स्पर्श पुष्कळदां जुन्याच, इजा झालेल्या अर्धाकडे जात राहतो. हुकूम देणारा एका इमारतींत, खबर येते दुसऱ्या इमारतींत! १९९४ नंतर मेंदूंतील तंतूंच्या वाटा पाण्याच्या हालचालीवरून रेखाटण्याची पद्धति निघाली. तिनें २००२ सालीं बाल्टिमोरच्या अलेक्झांडर हून यांनीं दाखविलें कीं, अपुऱ्या दिवसांच्या कांहीं मुलांत हुकूम नेणाऱ्या वाटांपेक्षां स्पर्श आणणाऱ्या वाटाच अधिक तुटलेल्या असतात. म्हणजे हात नुसता दुबळा नसतो. आपल्या मुठींत काय आहे हेंच त्याला धड समजत नाहीं. व्यायाम शिकविणाऱ्यांचें लक्ष यानें स्नायूंवरून स्पर्शाकडेहि वळलें.

या चित्रांचा एक दुरुपयोगहि सांगितला पाहिजे. रंगीत चित्र फार भुरळ घालतें. उपचारापूर्वीं निळें, उपचारानंतर हिरवें, अशीं दोन चित्रें शेजारीं ठेवून मूळपेशींचें इंजेक्शन विकण्याचे प्रकार होतात, आणि उपनगरांतील मध्यम स्थितींतलीं कुटुंबें त्यासाठीं दागिने मोडतात. ज्याच्या मेंदूचा साखरेचा खर्च चौथ्या वर्षापर्यंत आपोआपच चढणार, त्या मुलाचें नंतरचें चित्र आधींच्याहून उजळ असणारच. उपचार न घेतलेल्या तशाच मुलांचीं चित्रें शेजारीं ठेवल्यावांचून तें कशाचाच पुरावा होत नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ च्या नियमांत रक्ताच्या वगैरे ठराविक विकारांखेरीज मूळपेशींचा असा वापर, रीतसर प्रयोगाबाहेर, अनैतिक ठरविला आहे. पैसे भरण्यापूर्वीं एवढें एक विचारावें: हा प्रयोग आहे काय, आणि प्रयोग असेल तर पैसे कशाचे?

आणि यंत्राचीहि मर्यादा ओळखावी. २०१७ सालीं तज्ज्ञांच्या एका मंडळानें ठरविलें कीं, मूल पांच-सहा महिन्यांचें होण्याआधींच या विकाराचें निदान करतां येतें. त्यासाठीं एम्.आर्.आय्. हवाच, पण त्याहून अचूक ठरली ती एक बिनखर्चाची परीक्षा. तीन ते पांच महिन्यांचें निरोगी बाळ उताणें निजलें असतां सर्वांगानें बारीक, गोल, अखंड चाळवाचाळव करीत असतें. ती नसेल तर धोका. प्रेख्टल नांवाच्या वैद्यानें आयुष्यभर बाळांकडे पाहून ही परीक्षा बसविली. प्रशिक्षित डोळा आणि कांहीं मिनिटांचें चलच्चित्र, बस्स. इतक्या लवकर कळलें तर मेंदू कोंवळा असतांनाच हात चालता ठेवतां येतो.

आमच्या मुलुंडच्या बिऱ्हाडाशेजारील नातीचें निदान इतक्या लवकर झालें नाहीं. ती अडीच वर्षांची झाल्यावर झालें. २०१९ सालीं तिच्या आजोबांबरोबर मी रुग्णालयांत गेलों होतों. व्यायाम शिकविणाऱ्या मुलीनें तिच्या चांगल्या हातांत मणी दिले, आणि दुसरी मूठ मांडीवर उघडझाप करूं लागली. मीं विचारलें, ‘हें असें कां?’ तिनें भिंतीवर लावलेल्या चित्राकडे बोट करून, वर सांगितलें तें सारें पांच मिनिटांत सांगितलें. आजोबांना त्याचें विशेष वाटलें नाहीं. मी बाहेर बांकावर जाऊन बसलों.

नात आतां तिसरींत आहे. जूनमध्यें शाळा उघडली त्या आठवड्यांत मी तिच्या नव्या बाईंना भेटलों, आणि ती लिहूं लागली कीं तिचा दुसरा हात कां हलतो, तें त्यांना समजावून आलों. त्यांनीं वहींत लिहून घेतलें.